मोबाईलवरचा जमाखर्च : ॲप निवडताना आणि बदलताना



आता पुष्कळ जण जमाखर्च मोबाईलवर लिहितात. चांगली गोष्ट आहे. पण ॲपमधला हिशेब म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली वही. मालकाने कपाटच बंद केले तर? अमेरिकेत मिंट नावाचे हिशेबाचे ॲप पुष्कळ लोक वापरत. ते मार्च २०२४ मध्ये बंद झाले.

म्हणून ॲप घेतानाच पहा, की सगळ्या नोंदी बाहेर काढता येतात का. तिथे ‘एक्सपोर्ट’ असे लिहिलेले असते. एक्सेल किंवा सीएसव्ही फाईल मिळाली म्हणजे झाले. प्रत्येक पिकाचे खाते वेगळे ठेवता येते का, हेही पहा.

ॲप बदलायचे तर १ एप्रिलला बदला. मात्र आडसाली ऊस तेव्हा शेतात उभाच असतो. बेणे, खत, मजुरी यांचा आजवरचा खर्च नव्या खात्यात पुढे ओढा. नाहीतर उसाचे बिल आले की सगळा नफाच दिसेल! हातातली रोकड, पासबुकातली शिल्लक, सोसायटीचे कर्ज आणि उधारी हीसुद्धा पहिल्याच दिवशी मांडा.

महिनाभर दोन्हीकडे लिहा. शिल्लक जुळली, की जुने ॲप बंद करा. पण त्याची फाईल काढून जपून ठेवा.

आणि एक सांगतो. जमाखर्च लिहायला बँकेचा पिन किंवा बँकेचा ओटीपी लागत नाही. कोणी मागितला, तर ते ॲप काढूनच टाका.