थर्मोस्टॅट काढून टाकू नका, बदला

कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लालकडे सरकला की काही मेस्त्री एकच तोडगा सांगतात, थर्मोस्टॅट काढून फेका. ऐकू नका. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. बऱ्याच ट्रकमध्ये साधारण ८२ अंशांच्या आसपास ते वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. झडप बंद अडकली तर इंजिन तापतं. उघडीच राहिली किंवा काढून टाकली, तर इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त पितं. काही इंजिनांत तर तो काढल्यावर बरंचसं कूलंट रेडिएटर टाळून बायपासमधूनच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते!

बदलताना आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. थोडं कूलंट काढा, जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर नीट खरवडा. मेणाची बाजू इंजिनाकडे, हवेचं बारीक छिद्र असेल तर ते वर. नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यातल्या पाण्यात तापवून उघडतो का तेवढं पाहा. कूलंट भरून हवा काढा. आणि दुकानात गेलात, की अंशांचा आकडा तुमच्या इंजिनाला कंपनीने दिलेलाच मागा.