नाजूक कोठा, लोह आणि बी-१२ : आहारनियम सांभाळून करावयाची तजवीज



शाकाहारी घरातील ताट पाहिले तर उणीव कोठे आहे हे सहसा दिसत नाही. भाकरी असते, वरण असते, दूध-तूप असते. तरीही रक्त तपासले की हिमोग्लोबिन कमी निघते आणि बी-१२ त्याहूनही कमी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ अपुरे आढळले. शहरी मध्यमवर्गात, म्हणजे ज्यांना खाण्यापिण्याची ददात नाही अशांत, हे प्रमाण ८१ टक्के होते. स्त्रियांची स्थिती निराळ्या कारणाने बिकट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय नोंदला गेला.

हे आकडे पुढे करून काही जण थेट शाकाहारालाच दोषी ठरवतात. वस्तुतः प्रश्न ताटात काय आहे एवढाच नसतो. त्यातील किती रक्तापर्यंत पोचते, हा खरा प्रश्न असतो. ज्याचा कोठा नाजूक आहे, ज्याला डाळीने वात होतो, दुधाने पोट बिघडते आणि लोहाच्या गोळीने मळमळ सुटते, त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट अवघड होतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी दररोज १९ आणि स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. शंभर ग्रॅम बाजरीत सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते; परंतु धान्य-कडधान्यातील लोहाचा अगदी थोडा अंशच आतडे शोषून घेते. जेवणावर लगेच घेतलेला चहा तोही अंश घटवतो. उलट लिंबाची फोड किंवा आवळा शोषण वाढवतो. तिथीला आणि चातुर्मासात हिरवे वर्ज्य असेल, तर वाळवलेल्या आवळ्याची पूड काही अंशी ती जागा भरून काढते. लोखंडी कढईत आमटी शिजवण्याची जुनी रीतही निरर्थक नव्हती. आंबट पदार्थात कढईचे लोह खरोखरच उतरते.

बीट हे कंदमूळ असल्याने खाता येत नाही आणि म्हणून रक्त वाढत नाही, अशी खंत अनेक घरांत ऐकू येते. ती सोडून द्यावी. शंभर ग्रॅम बिटात जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. रंग लाल आहे एवढेच. कांदा-लसूण वर्ज्य असण्याचा तर नाजूक कोठ्याला लाभच होतो. या दोहोंतील काही शर्करा आतड्यात न पचता आंबतात आणि वात धरतात. पोटाच्या तक्रारी असलेल्यांना आधुनिक आहारतज्ज्ञही प्रथम कांदा-लसूणच बंद करावयास सांगतात. डाळींमध्ये हरभऱ्यापेक्षा सालीविना मूग सोसतो. कडधान्ये मोड आणून खावीत असा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण अनेक जैन घरांत अंकुरित धान्य अभक्ष्य मानतात. तेथे डाळ काही तास भिजवून, ते पाणी टाकून, मऊ शिजवणे हा मार्ग उरतो आणि तो पुरेसा उपयोगी आहे.

दुधाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळते ते मुख्यतः दूध आणि दह्यातून. पण दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणाला अडथळा करते. म्हणून बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली की दोन्ही साधले, हा समज खरा नाही. दूध-दही एका वेळी आणि लोहयुक्त जेवण दुसऱ्या वेळी ठेवावे. कच्चे दही आणि कडधान्य एकत्र न करण्याचा द्विदलाचा नियम अहिंसेच्या विचारातून आला आहे, त्याला पोषणशास्त्राचा आधार जोडण्याचे कारण नाही; तथापि तो पाळणाऱ्या घरात ही विभागणी आपोआप थोडीफार होते. ज्यांना दूध पचत नाही त्यांना बहुधा ताजे दही किंवा ताक पचते.

आता कोठ्याच्या मुख्य दुखण्याकडे वळावे. लोह विरघळण्यास आणि अन्नातील बी-१२ मोकळे होण्यास जठरातील आम्ल लागते. आम्लपित्ताचा त्रास असणारे कित्येक जण ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलची गोळी वर्षानुवर्षे सकाळी उठल्याबरोबर घेतात. वैद्यांनी दोन महिन्यांसाठी लिहून दिलेली गोळी दहा वर्षे चालू राहते. तिने जळजळ थांबते, परंतु दोन्ही द्रव्यांचे शोषणही मंदावते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होण्याचा संभव असतो. अशी औषधे परस्पर बंद करू नयेत. पण ती अजून आवश्यक आहेत काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होते, शौच काळे होते, पोटात कळ येते. त्यामुळे आठवड्याभरातच बाटली कपाटात जाते. येथे अलीकडचे संशोधन फार दिलासा देणारे आहे. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांनी दररोज गोळी घेण्यापेक्षा दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतील लोहाचा अधिक हिस्सा शोषला जातो. कारण असे की, गोळी घेतल्यावर यकृतात हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते आणि ते सुमारे चोवीस तास आतड्याचे दार अर्धवट लावून ठेवते. दुसऱ्या दिवशीच्या गोळीतील लोह कमी शोषले जाते आणि न शोषलेले लोहच पोटाला छळते. वर्षीतपात उपवास आणि बियासणे यांचा क्रम दिवसाआडच असतो. उपचार चालू असताना गोळी बियासण्याच्या दिवशी घेतली, तर व्रत आणि औषध यांचा मेळ सहज बसतो. मात्र कमतरता तीव्र असताना तप आरंभावे की नाही, हे तपासणीनंतरच ठरवावे. हिमोग्लोबिन सुधारले म्हणून औषध लगेच थांबवू नये. शरीरातील साठा भरण्यास पुढे सुमारे तीन महिने लागतात, आणि तो साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. गोळी मुळीच सोसत नसेल तर शिरेतून लोह देण्याची सोय आहे.

रक्तक्षय म्हणजे केवळ लोहाची उणीव असेही नाही. १९२८ साली मुंबईत आलेल्या डॉ. ल्युसी विल्स यांनी गर्भवती स्त्रियांच्या एका निराळ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे ते द्रव्य फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. मात्र केवळ फॉलिक आम्ल घेतल्याने बी-१२ च्या उणिवेचा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे घरातील वडीलधाऱ्यांत दिसली की ती वयावर ढकलली जातात. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही ही उणीव असू शकते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ती हळूहळू, नकळत येते.

बी-१२ चे औषध कोठ्याला जड नाही. जठराची शोषणव्यवस्था बिघडली असली तरी १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतील सुमारे एक टक्का तसाच आत शिरतो आणि प्रौढाची रोजची दोन-अडीच मायक्रोग्रॅमची गरज भागवतो. मज्जातंतूंची लक्षणे असतील तर इंजेक्शनने आरंभ करणे इष्ट.

पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी आढळले, तर आहाराचा विचार करण्याआधी पोटातून रक्तस्राव होत नाही ना, हे पाहिले पाहिजे. उपचाराने गुण येत नसेल तर गव्हाच्या प्रथिनाची असहिष्णुता, म्हणजे सिलिअक रोग, आणि जठरातील जंतुसंसर्ग यांचीही तपासणी करावी.

कॅप्सूलच्या आवरणाबद्दल समाजात जो संकोच आहे, तो अस्थानी नाही. ते बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. डी-३ जीवनसत्त्व तर सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून तयार होते. बी-१२ मात्र जीवाणूंच्या किण्वनातून बनवतात आणि ते साध्या गोळीतही मिळते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल आणि दगडफुलासारख्या शैवाकापासून काढलेले डी-३ आता उपलब्ध आहे. औषधाच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच ही अडचण त्यांना सांगावी, आणि रक्ताची तपासणी आषाढात, चातुर्मासाचे नियम घेण्यापूर्वी, उरकून घ्यावी.