सुगरणीचं घर कोण बांधतं?



आम्ही पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. हप्ते, व्याज, बँकेचं कर्ज यावर आपण नेहमीच बोलतो. आज सुगरणीबद्दल बोलू.

पाऊस सुरू झाला की बांधावरच्या शिंदीला, ताडाला, विहिरीवर वाकलेल्या फांदीला सुगरणीची घरटी लोंबायला लागतात. आपण म्हणतो, बघा सुगरणीने कसा खोपा विणला! पण विणणारा नर असतो. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती पिवळीजर्द होते. गवताची, शिंदीच्या झापाची लांब चीर चोचीने फाडायची, आणून गाठ मारायची, पुन्हा जायचं, अशा शेकडो फेऱ्या तो मारतो.

हे आपल्याच जिल्ह्यात नीट पाहिलं गेलं. १९३० साली पक्षीतज्ज्ञ सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोज बसून त्यांनी नोंदी केल्या. नर घरटं अर्धंच बांधतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहतात. पसंत पडलं तर मादी तिथे राहते, नाहीतर उडून जाते. आधी घर बघते, मग नवरा पत्करते! घर पसंत पडलं की नर ते पुरं करतो आणि शेजारी दुसरं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पहिलीच्या घरात दोन ते चार अंडी असतात. ती एकटीच उबवते. हसू नका तायांनो, ओळखीचं वाटलं तरी!

हे सगळं पावसातच का? पिल्लांना किडे लागतात. भात वाढत असतं तेव्हा अळ्या, नाकतोडे भरपूर मिळतात. हिवाळ्यात आपल्या शेतात शेपटी हलवत फिरणारा पिवळा धोबीही हाच हिशेब करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो उत्तरेला निघतो. त्याचे काही भाऊबंद थेट सायबेरियाच्या बर्फाळ माळापर्यंत जातात. तिथे बर्फ वितळलं की थोडेच आठवडे डास-किडे माजतात, तेवढ्यात पिल्लं वाढवून परतायचं. त्यांचा तो उन्हाळा, तसा सुगरणीचा आपला पावसाळा.

सुगरण पिकलेलं भात खाते, हे खरं. पण त्याआधी पिल्लांसाठी पिकावरचे किडेही तीच वेचते.

आता आपलं काम. केरसुण्यांसाठी शिंदीची पानं आणि घर शाकारायला झाप आपणच तोडतो. ज्या झाडावर दरवर्षी घरटी असतात, तिथली तोडणी पावसाआधी उरका आणि काही हिरवी झापं राखा. घरटी लागल्यावर भातकापणीपर्यंत त्या झाडाला कोयता लावू नका. अंडी-पिल्लं असलेलं घरटं मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे. शोभेसाठी घरटं हवं असेल तर रिकामं होऊन आपोआप गळून पडलेलं उचला. झाडावरच्या जुन्या घरट्यात मुनियाही राहायला येतात.

पुढच्या मासिक बैठकीत गावातली अशी झाडं मोजा, कोणाच्या बांधावर आहेत ते वहीत लिहा आणि त्या घरच्या बाईशी बोला. झाड तोडायचं ठरतं तेव्हा तिला विचारलं जात नाही. गट सोबत असला तर ती बोलू शकते.