आपल्या बांधीतला सूत्रकृमी कोणता?



स्वागत समितीच्या वतीने भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा हा मुलूख. तलावाखालच्या बांध्यांत पाणी साचून राहतं; टोकाच्या बांध्यांत आणि आवत्याच्या धानात ते येतं आणि जातं. आज ज्या जिवाची चर्चा होणार आहे, त्याचं बरंचसं बळ याच फरकावर ठरतं. म्हणून ही परिषद इथे भरली याचा मला फार आनंद आहे.

धानाची मुळं खाणारे सूत्रकृमी एका स्वभावाचे नाहीत. हिर्शमॅनिएला ओरायझी मुळाच्या आत पोखरत फिरतो, गाठ उठवत नाही आणि साचल्या पाण्यात सुखाने वाढतो. मेलॉयडोगायनी ग्रॅमिनिकोलाची मादी मात्र एकदा मुळात बसली की हलत नाही, आणि त्या मुळाचं टोक फुगून आकडीसारखं वळतं. बांधीत पाणी असेपर्यंत त्याची पिल्लं नव्या मुळात शिरू शकत नाहीत. पण मादी अंडी घालते ती मुळाच्या आतच, त्यामुळे आधी शिरलेल्यांचा वंश पाण्याखालीही वाढत राहतो. पाणी उतरलं की नवी मुळं त्यांना मोकळी. वर दिसतं ते एवढंच, की धानाचे चट्टे पिवळे पडले आणि खुरटले. मग शेतकरी युरियाची आणखी एक मात्रा टाकतो. हा पैसा वाया जातो याचं मला दुःख आहे.

गाठी करणाऱ्या या सूत्रकृमीचं शास्त्रीय वर्णन १९६५ साली झालं, तेही अमेरिकेतल्या लुइझियानात, सावा वर्गातल्या तणाच्या मुळांवरून. २०१६ मध्ये तो उत्तर इटलीच्या भातशेतीत सापडला; तिथे त्याला आवरायला शेतं पाण्याखाली ठेवावी लागली. आपल्याकडे मजूर मिळत नाही, रोवणीऐवजी थेट पेरणी वाढते आहे, पाणी वाचवायचं म्हणून बांधी आलटून पालटून सुकवली जाते. पाण्याच्या बचतीला माझा विरोध नाही. पण ती करताना मुळं तपासली पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट. हा जीव बहुतेक वेळा नराशिवायच प्रजनन करतो. दूरदूरच्या देशांतल्या नमुन्यांच्या जनुकसंचांत फरकही थोडाच आढळला आहे. तरी नेपाळातल्या भात-गव्हाच्या शेतांतून गोळा केलेले नमुने अंगकाठीत आणि मारक शक्तीत सारखे निघाले नाहीत. एका ठिकाणच्या सूत्रकृमीला दाद न देणारा वाण दुसऱ्या ठिकाणच्या सूत्रकृमीपुढे टिकेलच, असं मग कसं म्हणायचं? आफ्रिकी भातात प्रतिकारशक्ती सापडली, पण आशियाई भाताशी केलेल्या संकरांत ती तितक्या जोराने उतरली नाही. म्हणून एका कुंडीत, एकाच ठिकाणच्या सूत्रकृमीवर चाचणी घेऊन वाणावर ‘प्रतिकारक’ असा शिक्का मारणं मला पटत नाही. चाचणीतला सूत्रकृमी कोणत्या शिवारातला होता हे अहवालात लिहिलेलं असावं. जिल्ह्याजिल्ह्यातले नमुने जिवंत जपून ठेवावेत, आणि नवा वाण त्या सगळ्यांसमोर उभा करावा. हे काम खर्चाचं आहे, वेळखाऊ आहे. तरी बियाण्याची पिशवी विकत घेणाऱ्याला एवढं उत्तर मिळालंच पाहिजे.

निवासाची आणि जेवणाची सोय कार्यकर्ते पाहतील. दुपारी आपण बांध्यांवर जाणार आहोत, त्यासाठी दोन विनंत्या. रोप उपटू नका, कुदळीने मातीसकट काढा, कारण गाठीची टोकं तुटून मातीतच राहतात. आणि एका बांधीतून दुसरीत उतरण्याआधी बूट आणि कुदळी धुवून घ्या. पाण्याच्या बादल्या बांधावर ठेवलेल्या आहेत.