बाजाराची चिठ्ठी

(आपल्या संघाच्या पूर्णा येथील वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी मांडलेले मनोगत)



दरवेळी मी कर्ज आणि परतफेडीवर बोलते. आज एका वहीबद्दल बोलणार आहे.

शाळेत असताना मला चिकटवहीचा लई नाद होता. काड्यापेटीवरची चित्रं, जाळी पडलेलं पिंपळपान, पूर्णा-हिंगोली गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट, काहीही चिकटवायची. तेव्हा ती लाईन मीटरगेज होती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवीला होते. पेपरातले फोटो कापून चार पानं भरली होती. माय कणकेची खळ करून द्यायची आणि रागवायची पण, "पोटाला लागायच्या पिठाचा खेळ करतीस व्हय?"

लग्न झालं, वही माहेरीच राहिली. सासरी नेली तर लोक हसतील असं वाटलं. मग लेकरं, शेत, गट. वही विसरूनच गेले.

माय वारली तेव्हा भिंतीला लावायला तिचा फोटो सापडेना. शेवटी मतदान कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात ती ओळखू येत नाही. बायांनो, उभा जन्म त्या घरात राबली, पण सातबाऱ्यावर नाव नाही, दारावर नाव नाही आणि धड एक फोटो नाही!

तेरवी झाल्यावर भावानं माळ्यावरची पेटी काढली. तिच्यात माझी वही होती. भूकंपाचे फोटो पिवळे पडलेले. शेवटच्या पानावर एक बाजाराची चिठ्ठी चिकटवलेली. मायला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायची. मीठ, गूळ, चहापत्ती, रॉकेल, सुईदोरा आणि शेवटी बांगड्या. बांगड्यांवर काट मारलेली. पैसे पुरत नसले की माय खालून खोडायला लावायची, आणि तिची वस्तू कायम खालीच असायची. पान मोकळं राहिलं म्हणून मी ती चिठ्ठी चिकटवली असेल. सगळ्या जगाचं होतं त्या वहीत, मायचं तेवढंच. ते बघून मी लई रडले.

दुसऱ्या दिवशी गटाच्या रजिस्टरसारखी एक जाड वही आणली. मालक म्हणाले, "आता या वयात?" म्हटलं, आताच.

तुम्ही म्हणाल, आपल्या रोजच्या जगण्यात काय आहे जपून ठेवण्यासारखं? आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईनं दळण-कांडण, झाडलोट अभंगात आणली. सातशे वर्षं झाली, अजून आपण म्हणतो. जात्यावर बसून आपल्या आज्यांनी सुखदुःख ओवीत सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता जातं गेलं, ओवी गेली. मग आपलं कुठं ठेवायचं?

मी वहीत ठेवते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. त्यातलं एक चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'आज बँकेच्या कामाला एकटी परभणीला जाऊन आले.' सोयाबीनच्या मापाची पावती आहे, लेकीच्या पहिल्या फ्रॉकचा तुकडा आहे. परत आलेल्या पापडाच्या पुड्याचं लेबल पण आहे. खाली लिहिलंय, 'पापड नीट वाळले नव्हते, घाई केली.' पुढच्या उन्हाळ्यात गटातल्या सगळ्यांनी ते पान वाचलं आणि मगच कामाला बसल्या. आता मालकच खताची पावती आणून देतात, म्हणतात, "ठेव तुझ्या वहीत."

काही गोष्टी मी चुकून शिकले, त्या सांगते. मशीनमधून निघालेल्या पावत्या, तिकिटं काही महिन्यांत कोरी पडतात. त्याच दिवशी पेनानं तारीख, रक्कम लिहा किंवा झेरॉक्स काढा. घरात एकच असलेला फोटो आणि अस्सल कागदपत्रं कधी चिकटवू नका, त्यांची झेरॉक्स लावा. फोटोखाली नावं लिहा, नाहीतर नातवंडांना कोण कुणाची कळणार नाही. खळ पातळ लावा, पान पूर्ण वाळल्यावरच वही मिटा. मोबाईलमध्ये फोटो आहेत म्हणून निवांत राहू नका. मोबाईल बिघडला की सगळं गेलं. वर्षाचे चार-पाच तरी छापून घ्या. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, लेकरानं लिहावं. माझ्या मायची चिठ्ठी तशीच तर राहिली.

गटाच्या रजिस्टरात आपली बचत राहते, कर्ज राहतं. ते पाहिजेच. पण ते कर्ज फेडताना आपण काय काय केलं, ते कुणी लिहीत नाही. ते आपणच लिहावं लागेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातला एक कागद आणावा. साधी बाजाराची चिठ्ठी चालेल. फक्त त्यात आपली वस्तू शेवटी लिहू नका.