हातांची शोभा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणी शिकलेल्या बाई बोलायला येतात. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की आपल्यातलीच कोणी बोलू दे, आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठ्या विषयाला हात घालण्याची माझी ताकद नाही, म्हणून मी हाताचाच विषय घेतला आहे. सणासमारंभाला आपण हातात जे जुन्या वळणाचे दागिने घालतो ते कसे निवडावे, कसे वापरावे आणि कोणी वापरावे, एवढेच मला सांगायचे आहे. यातले शेवटचे जास्त महत्त्वाचे आहे, म्हणून मधेच उठून चहाच्या तयारीला जाऊ नये ही विनंती!

हात सजवण्याची हौस साऱ्या जगाला आहे. विलायतेत थंडी फार, म्हणून तिकडे हातमोजे आले, आणि पुढे तीच समारंभाची रीत होऊन बसली. साधारण १९६० पर्यंत तिकडची घरंदाज बाई लग्नाला किंवा मेजवानीला हातमोज्यांवाचून जात नसे. १९६१ साली भारतात येऊन गेलेल्या आणि २०२२ साली वारलेल्या राणी एलिझाबेथ यांचे पांढरे हातमोजे तर आपण फोटोत पाहिलेच आहेत. आता तीच जुनी तऱ्हा काही हौशी मुली पुन्हा काढतात म्हणे. आपल्याकडे मे महिन्याच्या लग्नात हातमोजे घातले तर अक्षता पडेपर्यंत हात उकडून निघतील, आणि पंगतीला बसल्यावर वरणभात कालवायचा कसा हा प्रश्न आहेच. आपल्या मुली हातमोजे घालतात ते स्कूटरवर, उन्हाने हात काळवंडू नयेत म्हणून.

पण त्या लोकांचा एक नियम मला फार आवडला. झग्याची बाही जितकी आखूड, तितका हातमोजा लांब. बाही मनगटापर्यंत असली तर मोजा मनगटापुरता, आणि झगा बिनबाहीचा असला तर मोजा कोपराच्याही वर. म्हणजे हाताचा जो भाग उघडा, तोच सजवायचा. आपल्यालाही हे लागू पडते. नऊवारीवर खणाची कोपरापर्यंत बाहीची चोळी घातली असेल तर दंड झाकलेलाच असतो. त्या बाहीवरून वाकी चढवली तर कापडाला चुण्या पडतात आणि वाकी सारखी घसरते. तेव्हा मनगट भरावे आणि दंड मोकळा ठेवावा. बाही आखूड असेल तर वाकी किंवा बाजूबंद एका दंडात शोभतो, आणि मग मनगटात थोडके घालावे. दोन्हीकडे भरगच्च घातले की पाहणाऱ्याला ना पैठणीचा पदर दिसत, ना दागिना.

आता दागिन्यांकडे येऊ. पाटली चपटी आणि रुंद. गोठ गोल आणि जाड, बहुधा साधा. तोडे नक्षीचे आणि हाताला जड. गोठ-तोडे पुष्कळदा आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. म्हणून जुना गोठ मोडायला नेला की वजनातून लाख वजा होते. हे ठाऊक नसले की सोनाराने फसवले असे वाटते. लाखेचा दागिना चुलीजवळ किंवा कढत पाण्यात नेऊ नये, कारण लाख उष्णतेने मऊ होते. तोड्याच्या नक्षीत पैठणीच्या रेशमाचा धागा अडकतो, तेव्हा आधी साडी नेसून, निऱ्या-पदर नीट करून मगच तोडे घालावेत. उतरवताना उलट, आधी तोडे आणि मग साडी. जड दागिना काचेच्या बांगडीला लागून घालू नये. मधे एक साधी सोन्याची बांगडी ठेवली की काच वाचते.

जुने सगळेच शुद्ध असते, असेही धरून चालू नये. १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्णनियंत्रण आणले आणि १४ कॅरटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला काही वर्षे बंदी होती. तो कायदा पुढे १९९० साली गेला. आजीच्या पेटीतली पाटली त्या दिवसांतली असेल तर किंमत धरण्यापूर्वी कस लावून घ्यावा. नवीन घेताना हॉलमार्क पाहावा. २२ कॅरटवर ९१६ हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी-आकडी खूणही असावी लागते. ती मोबाईलवरच्या सरकारी ‘बीआयएस केअर’मध्ये घातली की दागिन्याची माहिती दिसते. आपल्याला जमले नाही तर घरातल्या मुलाला सांगावे, त्याचा मोबाईल तेवढ्यापुरता तरी कामाला येईल.

२०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा आकडा ओलांडला. तेव्हा तोडे-पाटल्यांचा जोड नव्याने करणे किती घरांना झेपणार? एक ग्रॅमचे, म्हणजे सोन्याचे पाणी दिलेले दागिने घालण्यात कमीपणा मुळीच नाही. उलट एस.टी.त चढताना गर्दीत पाटली कापून नेली तर जीव तरी हळहळत नाही. मात्र आपली कोकणची हवा दमट. असे दागिने घाम आणि अत्तराने काळे पडतात. घरी आल्याबरोबर कोरड्या सुती फडक्याने पुसावे, कापसात गुंडाळून बंद डबीत ठेवावे. हाताला खाज सुटली तर हट्टाने घालू नये. हलक्या धातूत निकेल असते आणि ते कित्येकींना सोसत नाही.

माप हा तर मुख्य मुद्दा. अंगठा आणि करंगळी तळहाताकडे जवळ आणून हाताच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा घ्यावा आणि तो फूटपट्टीवर मोजावा. दोरा १७ सेंटिमीटर भरला तर दोन-दोन माप, १८ भरला तर दोन-चार म्हणजे सव्वादोन, १९ ला दोन-सहा, आणि २० ला दोन-आठ म्हणजे अडीच. हे इंच आणि आणे आहेत. सोळा आण्यांचा एक, हा जुना हिशेब बांगडीच्या मापात अजून जिवंत आहे. माप संध्याकाळी घ्यावे. दिवसभर कामाने आणि उन्हाने हात थोडा सुजतो, आणि सकाळच्या मापाची बांगडी लग्नाच्या मांडवात रुतून बसते. घट्ट बांगडी काढायला साबणाचे पाणी लावावे, किंवा हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून तिच्यावरून सरकवावी.

काचेची बांगडी मात्र सगळ्या सोन्याची राणी. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादेहून ती निघते आणि चिपळूणच्या बाजारात आपल्यासाठी येऊन बसते. कासारणीने हात दाबून, बोटे मुडपून भरलेल्या बांगड्यांची मजा स्वतः चढवलेल्या बांगड्यांना नाही. डाव्या हातात एक जास्त, ही पुष्कळ घरची रीत. आणि बांगडी ‘फुटली’ असे आपण म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. एवढा जीव आपण काचेला लावतो.

आणि इथेच, भगिनींनो, मला खरे बोलायचे आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई अडतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. दीर गेले त्या दिवशी दोघी-तिघी बायकांनी त्यांना धरून मागीलदारी नेले आणि त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दगडावर आपटून फोडल्या. त्या बायका काही वाईट नव्हत्या, रडत होत्या त्याही. पण जाऊबाईंच्या मनगटाला काच लागली होती, आणि ते रक्त पुसायचे कोणाला सुचले नाही. पुढे माझ्या लेकीच्या लग्नात नवरीचा चुडा भरायची वेळ आली. कासारीण उशिरा आली, आणि बांगड्या लहान मापाच्या निघाल्या. हाताला साबण लावून, एकही न पिचवता सगळा चुडा लेकीच्या हातात चढवला तो जाऊबाईंनी, माजघरात, दार लोटून. चुडा चढला तशा त्या पदराखाली हात घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसल्या. ज्या हातांनी नवरीचे हात भरले, ते हात लपवायचे! मांडवात सगळ्यांनी चुड्याचे कौतुक केले. तो कोणी भरला हे कोणी विचारले नाही.

काही जणी म्हणतात, बांगड्या नवऱ्यामुळे येतात, तो गेला की गेल्या. मी विचारते, बारशाला पाळण्यातल्या मुलीच्या हातात आपण मनगट्या बांधतो, त्या कोणाच्या नावाने? शाळेत जाणारी पोर जत्रेत बांगड्यांसाठी हट्ट धरते, तिचा नवरा कुठे असतो? नवरा घरात यायच्या वीस वर्षे आधी बांगडी आलेली असते. मग तो गेल्यावर ती का जावी?

काही म्हणतात, हे शहरातले विचार. तर ऐका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, २०२२ च्या मे महिन्यात, त्या गावाने ठराव केला की नवरा वारल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाड शहर नव्हे, शेतकऱ्यांचे गाव आहे. आणि आपला रत्नागिरी जिल्हा तर यात पूर्वीच पुढे होता. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९५८ साली देशाने त्यांना भारतरत्न दिले. वाळीत टाकणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवतात?

सोन्याबद्दलही सांगते. हातातून उतरवलेल्या पाटल्या पुष्कळदा कोणा दुसऱ्याच्याच कपाटात जातात, “तुला आता काय करायच्या” म्हणून. स्त्रीधन हे त्या बाईचेच, नवऱ्याचाही त्यावर मालकीहक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितले आहे. नवऱ्याचाच नाही, तर दिराचा, जावेचा कोठून येणार? घातल्या तरी तिच्या, पेटीत ठेवल्या तरी तिच्याच.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून काचेच्या बांगड्या लुटणार आहोत. माझे मागणे एवढेच की आपल्या मंडळाच्या यादीत जितकी नावे आहेत तितक्या जणींना आमंत्रण जावे आणि तितकेच जोड आणावेत. विधवांची रांग वेगळी नको, त्यांचे वाण वेगळे नको. जिला घालायच्या नसतील तिला कोणी आग्रह करू नये. कोणी आयुष्यभर बिनबांगड्यांची राहिली असेल आणि तिला तेच बरे वाटत असेल, तर तिचा मान तसाच राखावा. पण तो निर्णय तिचा असू दे, आपला नको. हिरवा रंग नको वाटेल म्हणून निळ्या, पिवळ्या, लालही आणाव्यात. मापे मी घरोघर जाऊन दोऱ्याने घेईन, ते काम माझे.

लोक काय म्हणतील ते म्हणतील. पहिल्या वर्षी चार जणी येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या दोघी येतील आणि तिसऱ्या वर्षी कोणाला आठवणारही नाही. जाऊबाई आज इथे मागच्या खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांचे माप सव्वादोन आहे, ते मला पाठ आहे. सभा संपल्यावर हा ठराव मतास टाकावा अशी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. ज्यांना पटेल त्यांनी हात वर करावा, भरलेला असो वा रिकामा.