पाच गोल आणि अठरा दिवस

11 मार्च 2025 रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर मुंबई सिटीने बंगळूरू एफसीला 2-0 असं हरवलं आणि इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) प्लेऑफमधली सहावी, म्हणजे शेवटची जागा पटकावली. 29 मार्चला त्याच मैदानावर त्याच दोन संघांत बाद फेरीचा सामना झाला. मुंबई 5-0 अशी हरली. मधे फक्त अठरा दिवस गेले होते आणि कोच तेच होते.

पाच गोल खाल्ल्यावर चाहत्याला सगळ्यात आधी कोच आठवतो. इथे ते होते चेक प्रजासत्ताकाचे पेत्र क्रात्की. ज्या क्रात्कींचा राजीनामा मागायचा, त्यांनीच जेमतेम वर्षभरापूर्वी याच क्लबला चषक मिळवून दिला होता, हे अशा वेळी कुणाच्या ध्यानात राहत नाही. 4 मे 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर अंतिम सामना होता आणि समोर यजमान मोहन बागान होता. मध्यंतराच्या तोंडावर जेसन कमिंग्जने बागानला पुढे नेलं. दुसऱ्या अर्धात पेरेरा दियाझने बरोबरी साधली, बिपिन सिंगने आघाडी मिळवली आणि भरपाई वेळेत याकुब व्होयतुशने तिसरा गोल ठोकला. बिपिन हा माणूस तसा गाजावाजा नसलेला. 2021 च्या अंतिम सामन्यातला निर्णायक गोलही त्याचाच, शेवटच्या मिनिटातला. क्रात्की या क्लबमध्ये आले होते ते डिसेंबर 2023 मध्ये, भर मोसमात, आधीचे कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेल्यावर. व्होयतुश तर त्यांच्याही नंतर, जानेवारीत आला.

आणि मग ती टीम उन्हाळ्यातच विस्कटली. दियाझ बंगळूरला गेला. अल्बर्तो नोगेराही तिकडेच. कप्तान राहुल भेके, मुंबईचाच मुलगा, तोही तिकडेच. लालेंगमाविया राल्टे, म्हणजे सगळ्यांचा अपुइया, याला मोहन बागानने नेलं. म्हणजे मार्चमधल्या त्या दोन सामन्यांत समोरच्या क्लबात मुंबईच्याच विजेत्या संघातले तीन जण होते!

अपुइया गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे मुंबई सिटीच्या अंधेरीतल्या मैदानाच्या स्टँडमधून चांगलं दिसायचं. बचावपटूच्या पायात चेंडू असतो आणि समोरून प्रतिस्पर्धी धावून येत असतात. अशा वेळी मधल्या फळीतला एक जण गोलकडे पाठ करून चेंडू मागतो. मागून कोण येतंय हे त्याने चेंडू यायच्या आधीच मान वळवून पाहिलेलं असतं. चेंडू आला की एका स्पर्शात वळायचं आणि उजव्या बगलेवर खेळणाऱ्या छांगटेच्या पुढ्यात टाकायचा. टाळ्या छांगटेला मिळतात. योएल व्हॅन नीफ आणि अपुइया यांची या कामात जोडी जमली होती. त्याच उन्हाळ्यात आलेला ब्रँडन फर्नांडिस गोव्याचा गुणी खेळाडू खरा, पण तो पुढे खेळणारा, शेवटचा पास देणारा. त्याला आणून अपुइयाची जागा भरत नाही. सगळ्या टीमची उभं राहायची जागाच बदलावी लागते. शिवाय ग्रीसचा निकोस कारेलिस, स्पेनचा योन तोराल, फ्रान्सचा जेरेमी मान्झोरो हे सगळे नवे. अशा टीमने 24 सामन्यांत 9 जिंकले, 9 बरोबरीत सोडवले आणि 36 गुण घेतले. हे डोळे दिपवणारं नाही. पण घर नव्याने मांडताना सहावा नंबर म्हणजे दिवाळंही नाही.

मुंबईकर चाहत्याची मुळं क्रिकेटमध्ये, अधीरपणाचं थोडं कारण तिथेच आहे. क्रिकेटमध्ये नवा गोलंदाज पहिल्याच दिवशी पाच बळी घेऊ शकतो, कारण चेंडू त्याच्या एकट्याच्या हातात असतो. फुटबॉलमध्ये नव्या खेळाडूचं अर्धं काम बाकी दहांच्या सवयींवर चालतं. त्यात आयएसएलमधल्या बऱ्याच परदेशी खेळाडूंचे करार म्हणजे आपल्याकडचे अकरा महिन्यांचे भाडेकरार. भिंतीला खिळा ठोकावा की नाही, इथपासून प्रश्न.

खुद्द या क्लबचाच इतिहास काढून पाहावा. 2020 मध्ये सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आले आणि एफसी गोवातून मुर्तदा फॉल, अहमद जहूह, ह्यूगो बूमूस, मंदार राव देसाई अशी आपली माणसं घेऊन आले. पहिल्याच सामन्यात जहूहला लाल कार्ड आणि नॉर्थईस्टकडून 1-0 हार. त्या संध्याकाळी निकाल लावला असता, तर त्याच मोसमातली, साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारी लीग शील्ड आणि चषक, दोन्ही गेले असते. त्यानंतर बकिंगहॅम आले. 2021-22 मध्ये विजेता संघ थेट पाचव्या क्रमांकावर घसरला, प्लेऑफही हुकली. क्लबने त्यांना ठेवलं. पुढच्या मोसमासाठी ग्रेग स्ट्युअर्ट, दियाझ, नोगेरा आले. आधी जानेवारीत आलेला छांगटे रुळला. सलग 18 सामने अपराजित, 20 सामन्यांत 46 गुण, आणि शील्ड दोन सामने राखून खिशात.

याच शहरातलं दुसरं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मुंबई एफसी नावाचा क्लब आय-लीगमध्ये होता. पैसा बेताचा, प्रेक्षक त्याहून बेताचे. खालिद जमील यांनी 2009 पासून सात वर्षं तो सांभाळला, एकदाही खालच्या श्रेणीत जाऊ दिला नाही. खेळ रटाळ, अशी ओरड असायची. 2016 मध्ये ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीत गेले. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीकडून खेळलेले दोघे तिथे त्यांच्या हाताखाली खेळले. त्या 2016-17 च्या मोसमात ऐझॉलने आय-लीग जिंकली आणि मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली. पुढे क्लबच बंद झाला. ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

गंमत म्हणजे मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर असा प्रवास करून वीरा देसाई रोडवर सामन्याला येणारा हाच चाहता शनिवार-रविवारी रात्री आर्सेनलची जर्सी घालून बसतो. मिकेल आर्टेटा यांच्या हाताखाली आर्सेनल लागोपाठ दोन मोसम आठवा आला, तरी धीर धरला पाहिजे हे तो मित्रांना पटवून देत होता. लंडनच्या कोचला मिळालेली मुदत अंधेरीच्या कोचला का नाही?

चाहत्यांचं सगळंच चुकतं असं नाही. बाद फेरीत पाच गोल खाणं ही नव्या-जुन्याची अडचण नव्हे. अठरा दिवसांपूर्वी गोल न खाता जिंकलेला संघ त्या रात्री इतका उघडा पडला, याचा जाब क्रात्कींनीच द्यायला हवा. पण कप्तान, मधल्या फळीचा कणा आणि दोन गोलकर्ते-कारागीर एकाच उन्हाळ्यात का निसटले, हा प्रश्न साइडलाइनवर उभ्या माणसाला विचारून उपयोग नाही. करार किती वर्षांचे करायचे, कुणाला किती पैसे मोजून थांबवायचं, हे वरच्या मजल्यावर ठरतं. तेव्हा बहुसंख्य मालकी सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती.

आणि बकिंगहॅम यांना जो दुसरा मोसम मिळाला, तसा क्रात्कींना वेळेवर मिळालाच नाही. जुलै 2025 मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या कराराच्या घोळात आयएसएलच रखडली आणि डिसेंबरात ग्रुपही क्लबमधून बाहेर पडला. टीम बांधणाऱ्याचं मोजमाप करायचं, तर त्याला आधी एक सलग मोसम खेळायला द्यावा लागेल, आणि तो देणं ना चाहत्यांच्या हातात होतं, ना कोचच्या.